वाकलेली माणसं

शेजारच्या काकू देवासाठी प्राजक्ताची फुलं वेचायला वाकल्या आणि माझ्या हातातला पट्टा एकदम ताणला गेला. रस्त्यावरून घरी आणलेला आमचा भुऱ्या उभ्या स्कूटरखाली शिरायला धडपडत होता.

"अगं, मी काहीच केलं नाही त्याला," काकू ओशाळून म्हणाल्या. ओंजळीतली फुलंही त्यांनी पुढे करून दाखवली.

"तुमचं काही नाही, काकू. कोणीही वाकलं की तो असाच करतो."

आपल्याकडे कुत्र्याला हाकलायला दगड मारावा लागत नाही. उचलल्यासारखं करून नुसतं वाकलं तरी पुरतं. हे आपण कधी शिकलो, आठवत नाही. कुत्री कशी शिकली, ते मात्र सांगायला नको. बुटाची नाडी बांधणारा, पडलेली किल्ली उचलणारा, फुलं वेचणाऱ्या काकू, भुऱ्याला सगळी सारखीच. रोज त्याला फिरायला नेताना वाटतं, आज जरा निवळेल.

तो अजून थरथरत होता. "काही नाही रे राजा," म्हणत मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले. त्यासाठीही वाकावंच लागलं.

भुऱ्याने डोळे मिटून घेतले आणि अंग आकसून तो दगडाची वाट पाहत राहिला.