सूप आणि आठी

शेलूच्या बालवाडीत सहा वर्षं मी मुलांना ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ शिकवलं. मग कर्जतला वॉल्डॉर्फ नावाच्या शिक्षणपद्धतीच्या प्रशिक्षणाला गेले, तर पहिल्याच दिवशी तिथल्या ताईंनी मला बालवाडीच्या अंगणात मुलांमध्ये बसवून हातात सूप दिलं. “मुलांना काही सांगू नका. तुम्ही तांदूळ पाखडा, ती बघून शिकतील.”

तांदूळच पाखडायचे तर घर काय वाईट होतं? मी धुसफुसत पाखडत बसले.

थोड्या वेळानं एक चार वर्षांची मुलगी शेजारी येऊन बसली आणि सागाच्या पानावर माती घेऊन पाखडू लागली. मनगटाचा झटका हुबेहूब माझा. कपाळावरची आठीही माझीच.

सहा वर्षांत अशा किती आठ्या वाटल्या असतील मी!

मी कपाळ सैल सोडलं आणि गुणगुणत पाखडू लागले. तिनं एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिचीही आठी गेली.