दोन पिनांचा प्लग

ओजिमाच्या घरात माझी दुपार सरता सरायची नाही. पुण्यात मी इलेक्ट्रिकल पॅनेलच्या कारखान्यात टेस्टिंगला होते. इथे नवऱ्याच्या जपानी व्हिसाला जोडून आलेली बायको. कचरा वेगवेगळा करून झाला की दिवसभर करायचं काय, हा प्रश्न. जीव नुसता तळमळायचा.

नवरा तोयोसुच्या ऑफिसात सॉफ्टवेअर लिहायचा. एका रविवारी त्याला हुक्की आली, घरातलं व्होल्टेज मायक्रोकंट्रोलरच्या चिपने मोजून लॅपटॉपवर त्याचा आलेख काढायचा. दोन रेझिस्टर लावून त्याने व्होल्टेज खाली आणलं आणि चिपचं ग्राउंड, म्हणजे तिची शून्य व्होल्टची तार, सरळ प्लगच्या एका पिनला जोडलं. मध्ये ट्रान्सफॉर्मर घाल, म्हणजे भिंतीतली वीज थेट चिपपर्यंत येणार नाही, मी म्हटलं. तो म्हणाला, ती न्यूट्रल आहे, तिचा शॉक बसत नाही, आणि इथे शंभरच तर व्होल्ट असतात. शंभर व्होल्टने माणूस मरत नाही, असं त्याला कुणी सांगितलं होतं देव जाणे.

ही पुण्याची सवय. तिथला तीन पिनांचा प्लग एकाच बाजूने बसतो, त्यामुळे न्यूट्रल जागची हलत नाही. आमच्या इथला दोन पिनांचा, कसाही बसायचा. उलटा बसला की ग्राउंड, केबल, लॅपटॉपचा धातू, सगळ्यात करंट.

प्लग भिंतीत खोचून तो केबल लॅपटॉपला जोडणार, एवढ्यात मी त्याचं मनगट धरलं आणि पुण्याहून आणलेला टेस्टर केबलच्या टोकाला टेकवला. टेस्टरमधला दिवा मंद पेटला.

तो जरा चपापला. मग त्याने प्लग फिरवून लावला. दिवा लागला नाही. स्वारी खूश. माझं नेलपॉलिश घेऊन त्याने प्लगवर लाल ठिपका काढला. ठिपका वर ठेवत जा, झालं, म्हणाला.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"दिवसभर घरात कोण असतं? व्हॅक्यूम लावायला हा प्लग कोण काढतं आणि परत कोण लावतं?"

तो ठिपक्याकडे बघत राहिला. प्लग काढून त्याने टेबलावर ठेवला, रेझिस्टर इकडून तिकडे सरकवले.

"मग कसं करायचं? तू सांग."

इथे आल्यापासून जेवणाखाण्याचं सोडून त्याने मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न. उत्तर मला येत होतं. मी कागद ओढला आणि प्लग नि चिपच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर काढून दाखवला.