डाव्या हाताची दावत

"मॅडम, चॅनल गेलं तर माझी अम्मीच गेली समजा!" रेहाना बसायलाही तयार नव्हती.

मी कर्जतला वकिली करते. रेहाना कडावची, आईच्या रांधपाचे व्हिडिओ टाकते. अम्मीचा हात आता थरथरतो, चूल सुटली. मूळ फायली होत्या तो फोनही बिघडला. अम्मीच्या हातचं जे काही उरलंय, ते त्या चॅनलवरच.

आणि एका टीव्ही वाहिनीनं रेहानाच्या तीन व्हिडिओंवर एकदम स्ट्राइक मागितले होते. स्ट्राइक म्हणजे कॉपीराइटच्या तक्रारीवरून साइटनं ठेवलेला ठपका. तीन झाले की चॅनल बंद. उत्तर द्यायला थोडी मुदत होती, एवढंच.

"पण आधी तूच टाकलेत ना?"

"व्हय! तर म्हणतात, शूटिंग आमचं, तू आमच्या माणसाकडून ढापलंस."

चोराच्या उलट्या बोंबा! माझं डोकंच फिरलं. मी वाहिनीनं आपली म्हणून दाखवलेली क्लिप लावली. ईदची दावत, अम्मी सगळ्यांना वाढतेय. रेहाना किंचाळलीच.

"अगं बया! अम्मी डाव्या हातानं वाढतेय! जीव गेला तरी असं करायची नाय ती!"

चोरीपेक्षा तिला याचाच राग जास्त. मी क्लिप थांबवून नीट पाहिलं आणि मला हसू फुटलं. चित्र फ्लिप केलेलं होतं, आरशात दिसतं तसं. उचललेली क्लिप साइटच्या यंत्रणेला ओळखू येऊ नये म्हणून अशी उलटवतात.

वाहिनीच्या लीगलवाल्या साहेबांना व्हिडिओ कॉल लावून तीच क्लिप दाखवली. रेहाना शेजारीच.

"सर, हे शूट तुमचंच?"

"शंभर टक्के."

"काही फिरवाफिरव?"

"छे हो! कॅमेऱ्यात आलं तसंच दाखवलंय."

"मग या बाई डावखुऱ्या?"

"असतील. त्यात काय?"

"आणि जेवायला बसलेले? झाडून सगळे डाव्या हातानं खातायत. ईदच्या दावतीत!"

साहेबांनी क्लिप पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाले, "मी... एडिटिंगला विचारून सांगतो."

"विचारा की! नाहीतर तुम्ही आत्ता बोललात तेच मी कोर्टात विचारीन."

दुसऱ्याच दिवशी तिन्ही तक्रारी मागे, वर माफीचा ईमेल. रेहानानं ऑफिसातच मला मिठी मारली. मीही टेबलावर थाप मारून ओरडले, "जिंकलो गं!"

तेव्हापासून क्लायंट चिडून काही बोलला, की मी त्याला मध्येच गप्प करत नाही. पुरावा पुष्कळदा त्या रागातच असतो.

अम्मीला मात्र माफी पुरेशी वाटली नाही. तिचा निरोप आला: "त्यांना सांग, आता उजव्या हातानं वाढताना दाखवा."