तीन तास बसायची शिकवणी

मी चौकशीखोर आहे, हे आमच्या बिबवेवाडीच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. घरी नवऱ्यालाही आहे, पण तो बोलत नाही. त्यामुळे दहावीच्या सहामाहीत टेकडीवरच्या वस्तीतली मुलं मराठीचा तीन तासांचा पेपर दीड तासात देऊन निघालेली पाहिली, तेव्हा मला चैन पडेना. अभ्यास न केलेली मुलं लवकर उठतात, हे समजतं. पण त्यांच्यातली संस्कृती नावाची मुलगी? वर्गात निबंध सांग म्हटलं तर थांबवावी लागते ती. तिनं निबंधाचं पान कोरं ठेवलं होतं.

"अवघड होता का गं?"

"नाही बाई. झाला माझा."

न लिहिताच झाला!

मी सगळ्यांना विचारत सुटले. मोबाइल, आळस, घरचं वातावरण, उत्तरं तयारच होती. काखेत कळसा नि गावाला वळसा. शेवटी चहा ठेवता ठेवता शकूताई म्हणाल्या, "आमच्या वस्तीत या की एकदा. आणि तोंड न उघडता बघा."

शकूताई आमच्या शाळेत शिपाई आहेत. त्याच वस्तीत वाढल्या, नववीत शाळा सुटली. ओल्या फरशीवर पाय दिला तर मुख्याध्यापकांनाही दरडावतात, मग माझी काय कथा! मी गेले.

एकच खोली, दार थेट बोळात. संस्कृती पुस्तक घेऊन बसली आणि मी मोजत राहिले. तासाभरात पोरगी चौदा वेळा उठली. नळाला पाणी आलं, धाकटा भाऊ रडला, रात्रपाळी करून झोपलेल्या वडिलांच्या तोंडावर ऊन आलं, शेजारणीला बोळातून सायकल न्यायची होती. चिडली एकदाही नाही. ओळ संपवायची, उठायचं, परत बसायचं. मी थक्क झाले. दहावीपर्यंतचं सगळं शिक्षण या मुलीनं पाच-पाच मिनिटांत गोळा केलं होतं.

"तिला सलग कुणी बसूच दिलं नाही," परतताना शकूताई म्हणाल्या. "मलापण नव्हतं दिलं."

मग दर रविवारी परवानगी काढून त्या एक वर्ग उघडायच्या. संस्कृती आत, शकूताई दाराबाहेर स्टुलावर मेथी निवडत. पहिल्या रविवारी वीस मिनिटांत पोरगी दारात आली.

"मला हाक मारली का कुणी?"

"कुणी नाही मारली. बस जा."

जानेवारीपर्यंत ती अडीच तासांवर आली. तीन तास मात्र एकदाही जमले नाहीत.

पूर्वपरीक्षेत तिच्या वर्गावर मीच होते. दोन तास झाले, वस्तीतली बाकीची मुलं उठून गेली, संस्कृती लिहीतच होती. आणि खालच्या रस्त्यावरून तिच्या आईचा आवाज आला. "संस्कृते! ए संस्कृते! खाली ये गं!" एव्हाना पेपर झाला असेल, असंच तिला वाटलं असणार. एरवी होतच होता.

संस्कृतीचं पेन थांबलं. जा म्हणावं की बस म्हणावं, मला कळेना. आणि पर्यवेक्षकानं काहीच म्हणायचं नसतं, ही केवढी सोय! आईनं तीनदा हाक मारली. मग आवाज बंद झाला. पोरीनं मान वर केली नाही.

घंटा झाल्यावर पेपर माझ्या हातात कोंबून ती धावत सुटली.

मी खाली आले तेव्हा फाटकाशी शकूताई उभ्या होत्या. त्यांनीच आईला आत सोडलं नव्हतं. धाकट्याला ताप होता, आईला पोळीभाजी केंद्रात कामावर पोचायचं होतं. शेवटी तापलेलं पोर कडेवर घेऊन ती गेली. "शिकली बाई, पोरगी," शकूताई म्हणाल्या. रोजचा चढा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण अर्धाच.

संध्याकाळी मी तिचा पेपर आधी काढला. निबंध पूर्ण होता, साडेतीन पानं. दुसऱ्या पानावर एका शब्दाशी पेन इतकं दाबलं होतं, की कागद फाटून खालच्या पानावर शाई उतरली होती. त्यापुढचं वाक्य सरळ ओळीत होतं, आणि त्यात एकही चूक नव्हती.