दिलीप एस. नावाचा वक्ता

क्षिप्रा साळुंखेला कुणी फुकटचा चहा दिला तर ती आधी कप हुंगून बघेल, असं तिची आई प्रभावती म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं. वडील दिलीप साळुंखे मूळचे साताऱ्याकडचे. सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि दिल्लीतच पालमला घर घेऊन राहिले. कँटोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये वाढलेली ही एकुलती एक मुलगी आता गुडगावच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. शनिवारी मात्र प्रोग्रॅमिंगवाल्यांच्या सभांना जाऊन भाषणं ठोकते. मानधन वगैरे काही नाही. समोसा आणि एक टी-शर्ट, तोही तिच्यासारख्या दोघी मावतील एवढा ढगळ.

बोलायची मात्र झकास. विषय ठरलेला. बटण दाबलं, उत्तर आलं नाही, म्हणून माणसानं ते पुन्हा दाबलं की तिकीट दोनदा बुक होतं. तसं होऊ नये म्हणून प्रोग्रॅम कसा लिहायचा? हे समजवायला ती एका म्हाताऱ्या फौजीची गोष्ट सांगायची. ते बाहेरच्या खोलीतून चहा मागतात, आतून कुणी ओ देत नाही, ते पुन्हा ओरडतात, आणि दोन कप येऊन पुढ्यात बसतात. लोक हसायचे.

हसायचे, पण प्रश्न विचारायचे नाहीत! इथेच तर पाणी मुरत होतं. तिच्यानंतर कुणी दाढीवाला काहीबाही बोलून खाली बसला की हातांचं जंगल उभं राहायचं. हिच्या वेळी सगळे चिडीचूप. वरून पोस्टरवर हिचाच फोटो सगळ्यात मोठा. ओळख करून देताना ‘हमारी लेडी स्पीकर’. ग्रुप फोटोत तर हिला हाताला धरून मधोमध उभं करायचे. आणि तो मानस, या सभा भरवणारा नोएडाचा मुलगा, हिचं बोलणं सुरू झालं की मागच्या रांगेत लॅपटॉप उघडून खाली मान घालून टकटक करत बसायचा. बोलवायचं स्वतः, आणि ऐकायचं नाही? हा काय प्रकार आहे?

‘आपल्याला फक्त शोभेला बोलावतात.’ ही शंका एकदा डोक्यात शिरली ती शिरलीच. परतीच्या मेट्रोत करोल बाग आलं-गेलं तरी तिला कळायचं नाही. आपल्याला खरंच काही येतं, की आपण नुसता पोस्टरवरचा चेहरा? हे कळल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडेना. आईनं विचारलं, “अगं, जेवणात लक्ष का नाही तुझं?” तर म्हणे, “काही नाही, ऑफिसचं टेन्शन.”

मग तिनं सापळा लावला. हिवाळ्यात त्या मंडळींचा वर्षातला मोठा मेळावा असतो. ज्याला बोलायचंय त्यानं आपला विषय वेबसाइटवर लिहून पाठवायचा, मानस आणि मंडळी वाचून निवडतात. क्षिप्रानं दोन पाठवले. स्वतःच्या नावानं एक अगदी भिकार, मुद्दाम खरडलेला. आणि आपला तो बिनतोड विषय पाठवला ‘दिलीप एस.’ या नावानं. भिकार निवडला की चोरी पकडली! फोन नंबर द्यावाच लागत होता. तिचा तर मानसकडे होता, म्हणून तिनं बाबांचा टाकून दिला. फोन कोण करतंय, ईमेल येतो. चहाची गोष्टही तशीच ठेवली. बदलायची कशाला, आजवर ऐकलीय कुणी?

रविवारी सकाळी बाबा बाल्कनीत फोन धरून बसले होते. चेहरा असा, की प्रभावतीबाई आल्या पावली आत परतल्या.

“क्षिप्रे, हा मानस कोण?”

“का? काय झालं?”

“मला चोर म्हणाला.”

क्षिप्रा त्यांच्यासमोर खालीच बसली.

“म्हणाला, ये टॉक आपकी नहीं है, क्षिप्रा मॅडम की है. मग जो सुटला! तू नोएडाला काय सांगितलंस, गुडगावला त्यात काय बदललंस, सगळं घडाघडा. मला ओ की ठो कळेना. मग त्यानं चहा काढला. दोन कप. तेव्हा कळलं, तो म्हातारा फौजी मीच, आणि हा उद्योग तुझा.”

“मग... तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगणार? तुझं नाव घेतलं असतं तर चारचौघांत हसं झालं असतं तुझं. म्हटलं, सॉरी सर, गलती हो गई.”

बाबा आणि सॉरी! भल्याभल्या साहेबांपुढे ज्यांची मान वाकली नाही, ते बापाच्या वयाचे असून एका पोराला सर म्हणाले होते, चोर म्हणवून घेऊन. क्षिप्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं तिथेच मानसला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगून टाकलं.

“आता खरं सांग,” ती म्हणाली, “मला पोस्टरसाठी बोलावता ना?”

“पहली बार, हाँ,” मानस म्हणाला. “पोस्टरवर एक मुलगी हवी होती. झूठ नहीं बोलूँगा. त्या दिवशी तुम्ही बोललात आणि सोमवारी मी ऑफिसात तेच वापरलं. तेव्हापासून मागे बसून सगळं लिहून घेतो, यार. तुम्ही शंकेला जागा ठेवत नाही, लोक विचारणार काय?”

त्या ‘हाँ’चा तिला संताप आला, आणि पुढच्या वाक्यांनी डोळे भरले. दोन्ही एकदम.

बाबांनी तिच्या हातातून फोन घेतला.

“बेटा, मैं दिलीप एस. बोल रहा हूँ. मेरा वो सॉरी वापस करो.”

“सॉरी सर,” पलीकडून घाईघाईनं आलं.

“अच्छा. अब ये बताओ, मेळावा कधी आहे? मी पहिल्या रांगेत बसणार. प्रश्न मी विचारीन.”