शंभराव्या पानावरची चिठ्ठी

कुसुमकाकींनी मला कधीच पाच स्टार दिले नाहीत.

आणि आता देणारही नाहीत. दहा दिवसांपूर्वी त्या हार्टने गेल्या. आज सकाळी दहावा झाला.

काकी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. पळसदरीला त्यांची भातशेती. शिवाय धरणावर येणाऱ्या वीकेंडवाल्यांना घरगुती जेवण करून द्यायच्या. एक गेस्ट माझी पहिली कादंबरी त्यांच्या ओटीवर विसरून गेला. तिथून आमची ओळख.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, मी मोहोपाड्याला केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे आणि उरलेल्या वेळात कागदावर खून करतो. प्रकाशक नाही. कव्हरपासून प्रूफपर्यंत सगळं स्वतःच. त्या पहिल्या पुस्तकाला चार रिव्ह्यू होते. चारही मित्रांचे. चारही "मस्त रे भावा, keep it up".

त्यातल्या दोघांनी पुस्तक उघडलंही नव्हतं. (तुम्ही कोण ते तुम्हाला माहीत आहे.)

पाच महिने विक्री ठप्प. मी बायकोला म्हणालो, बास, हा नाद सोडतो.

त्याच आठवड्यात पाचवा रिव्ह्यू आला. शब्दशः देतो, कारण तो मला पाठ आहे.

"विष बरोबर हाय. राब चुकलाय. दिवाळीत कुणी राब भाजत नाय, तवा शेतात भात उभा असतो. लेखकाने शेत लांबून बघितलंय. खुनी मला शंभराव्या पानावर कळला, नाव सांगत नाय. तरी पुस्तक खाली ठेवलं नाय, कारण त्या आईचं दुःख खरं हाय. तीन स्टार."

माझं डोकं फिरलं. मी पत्ता काढला आणि बाईक घेऊन थेट पळसदरीला गेलो. भांडायलाच.

काकी तांदूळ निवडत होत्या. मी नाव सांगितलं.

"तू व्हय तो? बस. चा घेतोस?"

"काकी, राब कधी भाजतात ही एवढी मोठी गोष्ट आहे का?"

"तुज्या खुन्याने मुडदा राबाखाली पुरलाय ना रं? मग मोठीच हाय."

चहा झाल्यावर त्यांनी मला शेतावर नेलं. शिमगा होऊन गेला होता. रोपांसाठी राखलेल्या जागेवर पालापाचोळा, शेण, गवत रचून भाजलं होतं. जमिनीचा तो तुकडा काळा कुळकुळीत. हाच राब. मी कर्जत गावात वाढलो, शाळामास्तरांच्या घरात. रोज बघत आलो होतो, पण कधी पाहिलं नव्हतं.

काकींनी चपलेच्या टोकाने थोडी माती उकरली. काळ्यावर लाल ओरखडा उठला.

"हितं खड्डा खणलास तर आंधळ्याला बी दिसंल. तुजा इन्स्पेक्टर तीनदा हितून गेला आन त्याला नाय दिसला?"

माझी दुसरी कादंबरी त्या लाल ओरखड्यावर उभी आहे.

पहिल्या पुस्तकातला राब मी आठवडाभरात दुरुस्त केला. आणि त्या तीन स्टारनंतर अनोळखी लोक पुस्तक घ्यायला लागले. एकाने कळवलं, "त्या राबवाल्या बाईंमुळे घेतलं. त्या खोटं बोलत नसणार."

एवढंच असतं हो. रिकाम्या खानावळीत कुणी जेवायला शिरत नाही. त्यात आमची रहस्यकथा. मी स्वतः तिची जाहिरात तरी काय करणार? चांगलं ते सगळं शेवटी असतं आणि तेच सांगता येत नाही. वाचकानेच सांगायचं असतं, की मी शेवटपर्यंत गेलो आणि फसवणूक झाली नाही. हे माझ्या तोंडून कुणी ऐकणार नाही. मित्रांच्या तोंडून तर नाहीच.

काकींची पद्धत ठरलेली. पुस्तक स्वतः मागवायचं. ("फुकट घेतलं का खरं बोलवत नाय.") शंभराव्या पानावर थांबायचं. कॅलेंडरच्या तुकड्यावर खुन्याचं नाव लिहून, घडी घालून, तिथेच ठेवायचं. मग पुढे वाचायचं. संपलं की चिठ्ठी उघडायची. रिव्ह्यू त्या बोलायच्या, टाइप सूनबाई करायची. प्रणाली तिचं नाव.

तीन पुस्तकं, तिन्ही चिठ्ठ्या बरोबर. दुसऱ्याला चार स्टार, तिसऱ्याला चार.

"पाच कधी देणार, काकी?"

"मी चुकंन तवा."

चौथं पुस्तक मी फक्त या बाईला चुकवायला लिहिलं. दोन वर्षं. खोटं कशाला सांगू, बाकी वाचक डोळ्यांसमोर नव्हतेच.

ते गेल्या महिन्यात आलं. त्यावर आजपर्यंत एकही रिव्ह्यू नाही. पहिला नेहमी त्यांचा असायचा.

आज दहाव्यानंतर प्रणालीने ते पुस्तक माझ्या हातात दिलं. शंभराव्या पानावर चिठ्ठी होती, घडी तशीच.

मी उघडली.

नाव चुकीचं होतं.

मी चारचौघांत मोठ्याने हसलो. मग रडू आलं, ते आवरेना. दोन वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला, आणि सांगायला काकी नाहीत.

प्रणाली म्हणाली, "दादा, त्यांच्या अकाउंटवरनं पाच स्टार टाकू? चुकले तर पाच, असं बोलल्या होत्या ना."

मोह झाला. खरंच झाला.

"नको गं. त्यांनी शंभरच पानं वाचलीत."

"हो. मला ओरडल्या असत्या." मग म्हणाली, "मग मी वाचू? आत्तापर्यंत नुसतं टाइपच केलंय."

"वाच. पण पहिल्या पानापासून. आणि आवडलं नाही तर तसं लिही."

निघताना पाहिलं, तिने भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडून घेतलं होतं.

तुम्हालाही तेच सांगतो. माझं असो नाहीतर दुसऱ्या कुणाचं, वाचलंत तर दोन ओळी लिहा. तीन स्टारचं असेल तर तीनच द्या. खुन्याचं नाव तेवढं सांगू नका.

काकी, चिठ्ठीतला तो माणूस निर्दोष आहे.

तुम्हाला मनापासून नमस्कार.