जुन्या पॅकेजची शेवटची स्क्रिप्ट

ग्राहकाच्या मशीनवर सॉफ्टवेअर बसवायला आम्ही वापरायचो त्या पॅकेज-फाइलचे चार भाग असत. आधी एक छोटा तुकडा. त्याला काही काम उरलं नव्हतं, फाइल ओळखू यावी एवढ्यासाठी ठेवलेला. मग आतलं काही बदललेलं नाही हे पटवणारी सही. मग हेडर : नाव, आवृत्ती आणि पॅकेज बसवताना किंवा काढताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला दिलेल्या आज्ञांच्या याद्या. शेवटी दाबून भरलेल्या मूळ फायली.

नवी आवृत्ती बसवताना आधी नवं पॅकेज आत येतं, मग जुनं निघतं. म्हणून शेवटी चालते ती जुन्याची स्क्रिप्ट. आपण कायमचे जातोय की नव्याला जागा देतोय, हे तिला एका आकड्यावरून कळतं. जुनं पॅकेज मी बांधलेलं; त्यातल्या स्क्रिप्टमध्ये मी तो आकडा तपासलाच नव्हता. तिने ग्राहकाचा सगळा डेटा पुसला.

नवं पॅकेज माझ्या हाताखालच्या मुलीने बांधलं होतं. ठपका तिच्यावर आला. चूक माझ्या स्क्रिप्टची आहे हे मला त्याच दुपारी कळलं होतं. बैठकीत मी पाणी पीत राहिलो. तिला नोकरीवरून काढलं.

मागच्या महिन्यात पेरुंगुडीच्या ऑफिसातून शहराच्या दुसऱ्या भागात, वेस्ट मांबलमला, तिच्या घरी गेलो. तंजावरकडचं मराठी घर. ती आता शिकवण्या घेते. मी सगळं सांगितलं. मध्येच उठून तिने कुकरखालचा गॅस बंद केला.

"मला माहीत आहे, सर. जुनं पॅकेज तेव्हाच उघडून पाहिलं होतं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"ऑफिसात कुणी ऐकलं असतं? घरी बोलले. अप्पा म्हणाले, आपली चूक साहेबांवर ढकलतेस? अजून तेच म्हणतात. आत बसलेत. त्यांना सांगा. मोठ्याने, कमी ऐकू येतं."

तिचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली.

"अप्पा, समजा, हिचं काम म्हणजे नवा भाडेकरू. तो आत आला. मग जुना गेला, आणि जाताना घर रिकामं करून गेला."

"नव्याचं सामानसुद्धा?"

"सगळं."

"मग हिची चूक काय?"

"काहीच नाही. जुनं काम माझं होतं."

अप्पांनी दाराकडे मान वळवली. मग मुलीला म्हणाले, "यांना कॉफी दिलीस?"

"नाही दिली," ती दारातून म्हणाली. "आधी तुम्ही माझ्याशी बोला."

अप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसायला घेतला. पुसतच राहिले. ती दारातून हलली नाही. मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मी पंख्याखाली बसून राहिलो.